मामंजींचं थंड कपाट

आमचे मामंजी आंब्याची नाडी बघायचे. वैशाखात माजघरात आढी लागली की रोज सकाळी पूजा आटोपून ते पाटावर बसत, गवत बाजूला सारत, एकेक आंबा डाव्या तळहातावर घेत आणि देठाजवळ अंगठा टेकवून डोळे मिटत. मग तो नाकाशी नेऊन एक लांब श्वास घेत. आंबा नेमका पिकलेला असला, आजच खावा असा असला, तर तो उजवीकडच्या परातीत जाई. ज्याला डाग पडलाय, जो देठाशी मऊ होऊन पाझरायला लागलाय, तो डावीकडच्या सुपात. सूप आमचं, परात कपाटाची. लग्न होऊन मी चिंचवडला आले त्या पहिल्याच उन्हाळ्यात मला कळलं की या घरात पिकलेलं साठवायचं असतं आणि माणसांनी नासकं खायचं असतं.

कपाट म्हणजे रॉकेलवर चालणारा फ्रिज. मामंजी लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. इंग्रज साहेब देश सोडून गेले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतल्या सामानाचे लिलाव झाले, त्यात त्यांनी तो घेतला. निवृत्त झाल्यावर चिंचवड स्टेशनजवळ तीन खोल्यांचं घर बांधलं आणि माजघराची भिंत त्या कपाटासाठी राखून ठेवली. आमच्या भागात तेव्हा विजेचे दिवेसुद्धा मोजक्या घरांत होते. पांढरं, गोल खांद्यांचं, चार पायांवर उभं असलेलं ते धूड बघायला लोक मुद्दाम येत. त्याच्या पोटाखाली रॉकेलची टाकी आणि वात होती, तिची निळी ज्योत दिवसरात्र जळायची. खाली आग आणि वर बर्फ, हे गौडबंगाल कुणाला उमगत नसे. मामंजींनाही नसावं, पण ते समजावून मात्र सगळ्यांना सांगत. कपाटाच्या दाराला कुलूप होतं. त्याची किल्ली त्यांच्या जानव्याला असे.

फळं गोठवण्याची कला त्यांना होती, हे मला नाकारता येणार नाही. आंबा पिळायचा तो हातानंच, कोयीला घासायचा नाही, नाहीतर रस तुरट होतो. मग मलमलीतून गाळायचा, बेताची साखर घालायची आणि चपट्या डब्यांत भरायचा. हे डबे त्यांनी बर्फाच्या कप्प्याच्या मापानं स्टेशनजवळच्या टिनवाल्याकडून करून घेतले होते. डबा काठोकाठ भरायचा नाही. "बोटभर जागा सोडा, गोठलं की फुगतं," असं ते दर डब्याला म्हणत. झाकणाच्या कडेनं मेणबत्तीचं मेण फिरवायचं आणि डबा आत सरकवायचा. हे सगळं ते पाटावर बसून सांगायचे. करायच्या सासूबाई. आंब्याच्या चिकानं त्यांच्या बोटांना चिरा पडत. रस गाळून झाला की मामंजी मलमलीचं फडकं स्वतः पिळून बघायचे, त्यात काही राहिलं का म्हणून. बोट चाटण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती.

पंगतीला मग सुपातले आंबे येत. आमच्या ताटात पडणारा आंबा कापला की आत काळपट, चिकट, दारूसारख्या वासाचा गर निघे. कधी सुईच्या टोकाएवढी पांढरी अळी वळवळे. मामंजी समोर बसून म्हणत, "डाग तेवढा काढा, बाकी अमृत आहे." तेही तेच खात, हे सांगायला हवं. स्वतःसाठी वेगळं आणि आमच्यासाठी वेगळं असं त्यांनी कधी केलं नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, चला, निदान हा माणूस न्यायी आहे. पुढे त्यांना तो गर मिटक्या मारत गिळताना बघणं मला नकोसं व्हायला लागलं. बाजूच्या परातीत सोन्यासारखे आंबे दिसत असताना माणूस नासका आंबा आनंदानं कसा खाऊ शकतो, हे मला आजही कळलेलं नाही.

त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. "हंगामात कोल्हाकुत्राही खातो, सूनबाई. बिनहंगामी खातो तो माणूस." दुसरं एक होतं, "पिकलं फळ म्हणजे घरात शिरलेला चोर. दिसला की धरायचा आणि डांबायचा." आणि कुणी काही मागितलं, अगदी नवा टॉवेल मागितला तरी, "आत्ता कशाला? पुढे लागेल."

पहिल्या दिवाळीला मात्र त्यांनी खरोखरच चमत्कार केला. पाडव्याला स्टेशनमास्तर, गावातले डॉक्टर आणि शेजारपाजारची चार माणसं फराळाला बोलावली आणि प्रत्येकाच्या वाटीत आमरस वाढला. ऐन थंडीत आमरस. डॉक्टर वाटीकडे बघतच राहिले. रस उतरला होता, पण वाईट नव्हता. मला त्यात थोडी पत्र्याची चव लागली. मी भांडी घासताना डब्याच्या कडेचं बोटाला लागलं तेवढंच चाखलं होतं. मामंजी त्या दिवशी दारातून माजघरात आणि माजघरातून दारात नुसते फिरत होते. एरवी कपाटाशिवाय दुसरं काही न बोलणारा हा माणूस लहान मुलासारखा लाल झाला होता. चिंचवडात ते तेव्हापासून "थंड कपाटवाले अण्णासाहेब" झाले. डेपोत उभा जन्म दुसऱ्याचा माल मोजण्यात गेलेला माणूस. त्याला पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं कुणीतरी ओळखत होतं. हे मला तेव्हाही समजत होतं आणि म्हणून मी बरंच गिळलं.

पण नंतर त्यांना चटकच लागली. आंबे झाले, जांभळं झाली, अंजिरं, सीताफळाचा गर, काहीही पिकलं की कपाटात. बर्फाचा कप्पा तो केवढा, त्यात मावेना म्हणून खालच्या फळ्यांवरही डबे चढले. पाहुण्यांना चमचाभर देऊन उरलेलं वितळलेलं पुन्हा आत जाई, पुन्हा गोठे, पुन्हा बाहेर येई. गोठलेली अंजिरं बाहेर काढली की ओल्या चामड्यासारखी लिबलिबीत होत. त्यांना रॉकेलचा आणि लसणाचा वास येई. आल्यागेल्याला ते तोंडात घालून "वा, अण्णासाहेब" म्हणावं लागे. मी वाटी पुढे करायची, पाहुण्याचा चेहरा क्षणभर आंबट होताना बघायचा आणि नजर खाली घालायची. या कामाची मला इतकी किळस बसली की दारात पाहुणा दिसला तरी नको वाटे.

सासूबाईंबद्दल थोडं सांगते. त्या जुन्नरकडच्या. त्यांच्या वडिलांची आंब्याची झाडं होती. मला एकदाच, निवडणं करताना, त्यांनी सांगितलं होतं की लहानपणी त्या झाडाखाली बसून आंबे चोखायच्या आणि मग आई विहिरीवर नेऊन कोपरापर्यंत हात धुवायची. सांगताना त्यांचे हात तांदळात तसेच थांबले होते. बाकी त्या बोलतच नसत. मामंजींनी काही म्हटलं की "बरं" म्हणत आणि उठत. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको नवऱ्याशी एवढं कमी बोलू शकते, हे मला नवलच होतं.

आमचे हे पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागले होते. कारखाना नवा होता, काम शिफ्टचं. तिथं मोठमोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवून तिच्यापासून औषध काढत. कपड्यांना त्याचा आंबूस, ओलसर वास येई. मामंजींना तो वास मुळीच खपत नसे. यांनी घरात शिरण्याआधी मागच्या दारी कपडे बदलायचे असा दंडक होता. हे बदलत. वडिलांपुढे यांचा आवाज कधी निघाला नाही.

तिसऱ्या वर्षी श्रावण संपता संपता आमच्या माजघरात एक वास यायला लागला. आधी गोडसर, मग आंबट, मग त्याला नाव देता येईना असा. मी बोलून दाखवलं तर मामंजी म्हणाले, "याच्या कारखान्याचा आहे. कपडे आणखी लांब ठेवत जा." मी ठेवले. वास तसाच. कपाटाभोवती चिलटांचा थवा घोंघावत असे. आणि एक नवीन गोष्ट माझ्या नजरेत आली. स्वतःचं ताटही कधी न उचललेले मामंजी पहाटे आमच्या आधी उठून फडक्यानं कपाटाखालची फरशी पुसायला लागले होते. विचारलं तर म्हणाले, रॉकेल सांडतं. ज्योत मात्र नेहमीसारखी निळी जळत होती. रॉकेलचा रतीब चालू होता. वात ते स्वतः कातरत.

चाकणच्या बाजूची हौसाबाई आठवड्याच्या आठवड्याला फळांची पाटी घेऊन यायची. त्या दसऱ्याच्या सुमारास ती सीताफळं घेऊन आली, पडवीत पाटी उतरवली आणि नाकाला पदर लावून मला हळूच म्हणाली, "वैनी, आत काय मेलंय का वं? उंदीर-घूस बघा. आसा वास बरा न्हाई."

मी काही बोलायच्या आत मामंजी बाहेर आले. त्यांनी पाटीतली सगळ्यांत चांगली, डोळे उघडलेली सीताफळं निवडून घेतली, आत नेली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. हौसाबाई माझ्याकडे बघत राहिली. मी तिला पाणी दिलं. दुसरं काय करणार?

त्याच महिन्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं. पोट फुगलं, अन्न उतरेना. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तिथं सांगितलं, पोटात गाठ आहे, फार पसरली आहे, घरी न्या आणि जे मागतील ते द्या. त्यांची खाट माजघरातच होती, कपाटाच्या शेजारच्या भिंतीला. त्या वर्षी दिवाळीला आमरस झाला नाही. मामंजींनी सगळ्यांना सांगितलं, ही बरी होईपर्यंत माझ्या घरात गोडधोड नाही. लोकांना त्याचं फार कौतुक वाटलं. खरं सांगायचं तर मलाही वाटलं.

मार्गशीर्षातली एक दुपार मला जशीच्या तशी आठवते. मी सासूबाईंना पेज भरवत होते. दोन चमचे गेले, तिसरा त्यांनी बाहेर काढला. मी तोंड पुसलं. छताकडे बघत त्या म्हणाल्या, "आमरस असता तर घेतला असता गं दोन चमचे."

मी तशीच उठले. मामंजी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हटलं, सासूबाईंना आमरस हवाय, किल्ली द्या. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. म्हणाले, "थंड तिला बाधेल." मी म्हटलं, वितळवून कोमट करून देते. ते म्हणाले, "आत्ता कशाला? थोडी सुधारली की वाटीभर देऊ."

डॉक्टरांनी काय सांगितलंय हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या सुधारणार नव्हत्या. मी तिथं उभी असतानाच त्यांनी पान उलटलं. संध्याकाळी हे आले तेव्हा यांना सांगितलं. हे मान खाली घालून म्हणाले, अण्णांना कोण सांगणार. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ओसरीवर जाणार तोच सासूबाईंनी माझा पदर धरला. त्यांच्या हातात जोर नव्हता, पण धरला. "नको विचारूस, सुधा. त्यांना फार त्रास होतो."

त्रास त्यांना होतो, म्हणे. रक्त उसळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मरणाऱ्या बाईला दोन चमचे रस द्यायचं ज्याच्या जिवावर येतं, त्याच्याच त्रासाची काळजी ती बाई करते आहे. मला त्या माणसाची किळस आली आणि त्याला जपायला बसलेल्या त्या बाईचीही थोडी आली. मी बाजारात माणूस पाठवला, पुण्यात डब्यातला आंबा मिळतो का बघितलं. मिळाला नाही. आठवड्याच्या आत सासूबाई गेल्या. शेवटी त्यांना पाणीही उतरत नव्हतं.

दहाव्याला पुरुषमंडळी पवनेच्या घाटावर गेली. मी घरी होते. घाटावरचं मला यांनी नंतर सांगितलं. पिंड ठेवले, सगळे बाजूला झाले. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, खाली एकही येईना. लेकी-सुनांना सांभाळू, देवधर्म करू, सगळं बोलून झालं. ऊन चढलं. गुरुजींनी विचारलं, बाईंची काही इच्छा राहिली होती का? हे एवढ्या वर्षांत वडिलांसमोर बोलले नव्हते ते तिथं बोलले. म्हणाले, आईला आमरस हवा होता. सगळ्यांनी मामंजींकडे बघितलं. घरातलं थंड कपाट कुणाला ठाऊक नव्हतं? मामंजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करा, गुरुजी. ऊन फार झालंय." तेव्हा यांनी ओल्या धोतरानं तसंच पायऱ्या चढून वडिलांच्या पुढ्यात जाऊन हात पसरला. सगळ्यांच्या समोर. मामंजींनी थोडा वेळ त्या हाताकडे बघितलं आणि जानव्याची किल्ली सोडून दिली.

हे अनवाणी धावत घरी आले. डोक्याचा गोटा उन्हानं लाल झालेला, हातात किल्ली. मी मागोमाग माजघरात गेले. किल्ली फिरली, दार चिकटलं होतं, जोर लावल्यावर सुटलं.

जे बाहेर आलं त्याला वास म्हणायचं तर वास या शब्दाचा अपमान होईल. यांनी तोंड फिरवलं. आतला कप्पा कोरडा ठणठणीत होता, बर्फाचा कणही नव्हता. डबे फुगले होते. एकाचं झाकण उडालं होतं आणि त्यातून काळं काहीतरी ओघळून फळ्यांवर वाळलं होतं, त्यावर पांढऱ्या-हिरव्या बुरशीची लव. हौसाबाईची सीताफळं बसून एक लगदा झाला होता, आणि तो हलत होता. मी आत हात घातला. ऊब लागली. पेटत्या वातीवर ठेवलेल्या रिकाम्या खोक्यात असावी तशी ऊब. खाली ज्योत मात्र निळी, स्थिर, वात सकाळीच कातरलेली.

हे भिंतीला टेकून खाली बसले आणि म्हणाले, "हे कधीचं आहे?" मी वाकले आणि वात विझवली. मग हे उठले, घाटावर परत गेले आणि गुरुजींना म्हणाले, दर्भाचाच करा. वडिलांकडे यांनी बघितलं नाही.

घरात दहाव्यासाठी आलेल्या बायका होत्या. त्या नाकाला पदर लावून दारातच थांबल्या. मी एकटीनं डबे बाहेर नेले. परसात खड्डा केला, त्यात सगळं ओतलं, डबेही त्यातच टाकले. ओतताना दोनदा उलटी झाली. हातांचा वास शिकेकाईनं गेला नाही, राखेनं गेला नाही. त्या हातांनी मी घाटावरून येणाऱ्या माणसांसाठी पाण्याच्या बादल्या भरल्या.

मामंजी सगळ्यांच्या शेवटी आले. पाय धुतले, माजघरात आले, उघडं कपाट बघितलं. मग परसात येऊन माझ्याजवळ उभे राहिले आणि खड्ड्याकडे बघत म्हणाले, "डबेही पुरलेस? पत्रा चांगला होता."

मी खड्ड्यावर आणखी माती लोटली. ते विहिरीच्या कट्ट्यावर बसले. मग आपणहून सांगायला लागले. श्रावणातच गार होणं थांबलं होतं. ते पुण्याला एका कारागिराकडे जाऊन आले. तो म्हणाला, आतला वायू गेला, हा माल आता इथं मिळत नाही, कपडे ठेवायला वापरा. ते घरी आले आणि कुणालाच बोलले नाहीत. म्हणाले, "वाटलं, एखाद्या दिवशी धरेल पुन्हा."

मी विचारलं, सासूबाईंनी मागितला तेव्हा का नाही सांगितलंत? नासलंय एवढं म्हणायचं होतं. मी कुठूनही काही केलं असतं.

"काय तोंडानं सांगायचं? सगळं गाव या कपाटावरून ओळखतं मला." आणि मग, जणू बाजू मांडावी तसं, म्हणाले, "तिला ठाऊक होतं."

 ते म्हणाले, आजारी पडायच्या आधीची गोष्ट. एका पहाटे ते फरशी पुसत असताना सासूबाई जाग्या झाल्या. उठून आल्या, त्यांच्या हातातलं फडकं घेतलं, मोरीवर जाऊन स्वच्छ धुतलं आणि परत आणून त्यांच्या हातात दिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर खाटेवर पडून असतानाही रोज पहाटे ते पुसत, त्या डोळे उघडे ठेवून बघत.

तेव्हा मला त्यांचं वाक्य आठवलं. आमरस असता तर, असं त्या म्हणाल्या होत्या. आम्ही सगळे समजत होतो की शेजारी डब्यांची रास आहे. आणि त्या बाईनं सरळ मराठीत सांगितलं होतं की आमरस उरलेलाच नाही. मी ऐकलं ते नवऱ्याला भ्यायलेल्या बायकोचं बोलणं म्हणून. त्यांनी माझा पदर धरला तोही त्यासाठीच. त्या माणसाला उघडं पडू द्यायचं नव्हतं त्यांना. स्वतःच्या मरणाआधी निदान एकदा त्यानं आपल्यापाशी खरं बोलावं, एवढी वाट त्यांनी बघितली असेल का? मला ठाऊक नाही. तो बोलला नाही एवढं ठाऊक आहे. कंजूष असता तर मी त्याला माफ केलं असतं. कंजूष माणसं मी माहेरीही बघितली होती.

कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळाल्यावर आम्ही पिंपरीला आलो. एकट्या म्हाताऱ्याला टाकून कसं जायचं? मामंजींना बरोबर आणलं. कपाट भंगारवाल्यानं नेलं. वसाहतीत नवीन लोक होते, कुणी मराठवाड्यातले, कुणी कोकणातले. त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. मामंजी इथं फार निवळले. पोरांना गणित शिकवत, बायकांना रेशनचे अर्ज भरून देत. शेजारणी मला म्हणत, किती देवमाणूस सासरा मिळालाय तुम्हाला. मी "हो" म्हणत असे.

आणि आंब्याच्या दिवसांत हे करंडी आणत तेव्हा मामंजी गॅलरीत बसून ताजे, पिकलेले आंबे चोखत. कोपरापर्यंत रस ओघळेपर्यंत. एकही आंबा त्यांनी बाजूला काढून ठेवला नाही. साल दातांनी ओरबाडत, कोय पांढरी होईस्तोवर चोखत आणि म्हणत, "यंदा गोडी आहे." मी त्यांच्यापुढं ताट ठेवी आणि आत निघून जाई. तो चुपचुप आवाज मला स्वयंपाकघरातही ऐकू येई. नासकं खाणारे मामंजी मी सोसले होते, हे मला सोसवेना. त्यांच्या पोटात त्या बाईच्या नावानं काहीच कसं अडकत नव्हतं?

शेवटी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, सगळं अंथरुणात. हे शिफ्टला असत, तेव्हा त्यांचं सगळं मीच करी. सेवेत मी कधी कसूर केली नाही, हे शेजारीपाजारी अजून सांगतात. वेळेवर भरवलं, वेळेवर कूस बदलली, पाठीला जखम होऊ दिली नाही. पण कामाशिवाय त्यांच्याजवळ मी मिनिटभर बसले नाही आणि त्यांनीही कधी बस म्हटलं नाही.

एका दुपारी मी त्यांचं अंग पुसून कोरडं करत होते. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "सूनबाई, किळस येते ना माझी?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, छे, मामंजी, आजारपणात असं चालायचंच. माझ्याही तोंडात तेच आलं होतं. त्या घरात आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं होतं. मी हातातला पंचा खाली ठेवला आणि म्हटलं, "येते. पण या दुखण्याची नाही."

ते रागावले नाहीत. उलट त्यांचा चेहरा सैल झाला, कुणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखा. मग म्हणाले, "तिनंही असं तोंडावर सांगायला हवं होतं. मी उघडलं असतं."

म्हणजे अजूनही तिचीच चूक. मला वाटलं होतं की या खोलीत आता किळस वाटण्यासारखं नवीन काही उरलेलं नाही.

"त्यांनी सांगितलं होतं, मामंजी," मी म्हटलं. "फडकं धुऊन हातात दिलं तेव्हाच तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळलं होतं."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवायचा प्रयत्न केला, पण मान वळेना. डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाशी ओघळलं. ते मी पुसलं नाही. तोंड पुसलं, ओली चादर काढून कोरडी घातली, आणि शेजारच्या काकूंना म्हटलं की यांना कारखान्यात निरोप धाडा, लवकर या म्हणावं, अण्णांजवळ कुणीतरी बसायला हवं.